सेटिंग येते, म्हणून स्वतःचे मशीन घ्यावे का?

प्रश्न विचारणारे २७ वर्षांचे आहेत. खानापूर तालुक्यातले आहेत, टर्नर ट्रेडमधून आयटीआय झालेले आहेत आणि गेली सहा वर्षे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या, लेथवर काम करीत आहेत. ऑपरेटर म्हणून लागले, आता सेटिंग, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून मापात आणणे, आणि प्रोग्रॅमिंगही स्वतः करतात. ओव्हरटाइम धरून महिन्याला साधारण २२ हजार रुपये हातात पडतात. सुट्टीच्या दिवशी गावातले मोटारपंप दुरुस्त करून देतात, त्याचे कोणी पैसे देतो, कोणी सुगीला भात देतो. त्यांच्यापुढे चार वाटा आहेत: कर्ज काढून स्वतःचे सीएनसी मशीन घेणे, पुण्याकडे चाकणला जाणे, डिप्लोमा करणे किंवा नातेवाइकाच्या ओळखीने आखातात जाणे. यांपैकी कोणत्या वाटेने आपल्या हातातल्या कामाचे जास्त पैसे होतील, असे त्यांनी विचारले आहे.

मी स्वतः १९८८ साली याच उद्यमबागेत साध्या लेथवर टर्नर म्हणून लागलो, नंतर भावाबरोबर ११ वर्षे स्वतःचे वर्कशॉप चालवले, ते बंद केले आणि त्यानंतर आजवर हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्रणांच्या दुरुस्तीचे काम करतो आहे. म्हणजे नोकरी, मालकी आणि सेवा या तिन्ही बाजूंनी मी हा व्यवहार पाहिला आहे. वाचताना मन टांगणीला लागू नये म्हणून निष्कर्ष आधीच सांगतो. मशीन आत्ता घेऊ नका. चाकणला पगारासाठी जाऊ नका. आणि गावातल्या मोटारपंपांचे जे काम तुम्ही प्रश्नात एका ओळीत उरकले आहे, त्याकडे एकदा नीट पाहा, कारण तुमच्याजवळच्या सर्वांत जास्त पैसे देणाऱ्या कसबाचे मूळ माझ्या मते तिथे आहे.

आपल्याकडे कारागीर स्वतःच्या कामाची किंमत हाताच्या सफाईवरून ठरवतो. मला अमुक मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत) बोअर, म्हणजे आतले गोल भोक, काढता येतो, मग मला इतके मिळाले पाहिजेत, असा तो हिशेब असतो आणि तो न्याय्यही आहे. परंतु पैसे देणारा माणूस तो हिशेब करीत नाही. तुम्ही आला नाहीत तर आपले काय अडते, किती वेळ अडते आणि तुमच्या जागी दुसरा कोणी किती लवकर मिळतो, एवढेच तो पाहतो. त्यामुळे एकाच कसबाला एका दारी तासाचे ७० रुपये मिळतात आणि दुसऱ्या दारी तेवढ्याच तासाचे काही हजार मिळतात. वाट निवडायची म्हणजे हे दार निवडायचे. बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूर भागातल्या यंत्रमागांचे उदाहरण जुन्या लोकांना ठाऊक आहे. साडी विणणाऱ्याची मजुरी नगावर ठरते आणि मंदी आली की तीच आधी कापली जाते. पण बंद पडलेला माग चालू करून देणाऱ्या जॉबरला मंदीतही घरून बोलावून नेतात. दोघांनाही मागाची नस कळलेली असते, फक्त एकजण माग चालू असताना लागतो आणि दुसरा तो बंद पडल्यावर लागतो.

आता मशीनचा हिशेब मांडू. आकडे तुमच्या परिस्थितीला धरून घेतलेले आहेत, त्यांत तुमचे स्वतःचे आकडे घालून पाहा. समजा मशीन २० लाखांचे आहे, ५ लाख तुमचे आणि १५ लाख बँकेचे. साडेदहा टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीला या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे ३२,२४० रुपये येतो. शेडचे भाडे १२,०००, वीज १०,०००, दुसऱ्या शिफ्टला ऑपरेटर ठेवला तर १८,०००, इन्सर्ट (कापणारी पाती), ऑइल आणि कुलंट (कापताना थंड ठेवणारे द्रव) मिळून ९,०००, आणि टेम्पो, चहापाणी, किरकोळ दुरुस्ती यांना ४,००० धरले, तर महिन्याचा खर्च ८५,२४० रुपये होतो. दोन शिफ्टचे २५ दिवस म्हणजे ४०० तास. पण मशीन ४०० तास कधीच चालत नाही. जॉब बदलताना जॉ, म्हणजे नग पकडणारे जबडे, बदलावे लागतात, पहिला नग मापात बसेपर्यंत ऑफसेट, म्हणजे मापाच्या दुरुस्त्या, द्याव्या लागतात, फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) वेळेवर येत नाही, वीज जाते. ७० टक्के तास कामाचे मिळाले, तर २८० तास झाले. तासाला ३५० रुपये दर धरला तर ९८,००० रुपयांचे बिल झाले आणि हातात १२,७६० रुपये उरले. आज तुम्ही २२ हजार घेता आणि रात्री शांत झोपता.

याच हिशेबात २८० ऐवजी ३४० तास मिळाले, तर बिल १,१९,००० रुपयांचे होते, आणि इन्सर्टचा थोडा जादा खर्च सोडला तर हातात सुमारे ३३ हजार उरतात. म्हणजे सगळा नफा त्या मधल्या ६० तासांत आहे, त्या तासांची किंमत २१,००० रुपये आहे, आणि हे ६० तास बऱ्याच अंशी चांगल्या सेटिंगने वाचतात. तुमच्या कसबाची खरी किंमत इथे दिसते. तुम्ही सेटिंग करताना दोन तासांचे काम पाऊण तासात उरकत असाल, तर त्या वाचलेल्या वेळेचा लाभ मशीन ज्याचे आहे त्याला होतो. स्वतःचे एक मशीन घेतलेत तर तो लाभ एकाच मशीनपुरता मिळेल; पण ज्याच्या शेडमध्ये दहा मशीन आहेत त्याला तो लाभ दहापट आहे. मग एका मशीनच्या मालकीसाठी पाच वर्षे हप्ते भरण्यापेक्षा दहा मशीनच्या मालकाकडे जाऊन आपल्या सेटिंगचा भाव वाजवून मागणे अधिक शहाणपणाचे नाही का? बहुतेक मुले हे करीत नाहीत, कारण वाचवलेल्या वेळेची नोंद त्यांच्याजवळ नसते आणि नोंदीशिवाय केलेली मागणी मालकाला तक्रारीसारखी वाटते.

उधारीचा भाग अजून मी हिशेबात घेतलेलाच नाही. पहिल्या महिन्याचे बिल महिनाअखेर जाते आणि ६० दिवसांची उधारी असेल तर त्याचे पैसे तिसऱ्या महिन्याच्या शेवटी येतात. तोपर्यंत तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे अडीच लाखांहून अधिक रक्कम, तुम्हाला खिशातून घालावी लागते. कागदावर कायदा लहान उद्योजकाच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, त्यामुळे मार्च महिन्यात अडलेली बिले सुटू लागल्याचे मी पाहिले आहे. तरीही ज्याच्याकडून उद्या सकाळी काम हवे आहे त्याच्याकडे व्याज मागणारा जॉबवर्कवाला, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करणारा, मला तीस वर्षांत दोनदाच भेटला, आणि त्यांपैकी एक जण तेव्हा धंदा बंद करायच्याच तयारीत होता.

रिजेक्शनचे, म्हणजे नाकारलेल्या नगांचे, दुखणे याहून मोठे आहे. कास्टिंग गिऱ्हाइकाचे असते, तुमची फक्त मशिनिंगची मजुरी. समजा कास्टिंग ६०० रुपयांचे आहे आणि मजुरी नगाला ४५ रुपये आहे. एक नग तुमच्या हातून गेला आणि कास्टिंगच्या किमतीची डेबिट नोट, म्हणजे तेवढे पैसे कापल्याचा कागद, आली, तर तेरा चांगल्या नगांची मजुरी त्यात बुडते. माझ्या वर्कशॉपचा शेवट याच वाटेने झाला. आमचे जवळपास ८० टक्के काम एकाच गिऱ्हाइकाचे होते, आणि एका वर्षी त्याच्या कास्टिंगमध्ये मशिनिंगनंतर ब्लो होल उघडे पडू लागले. भोक कास्टिंगच्या पोटात होते, ते आम्ही पाडलेले नव्हते. पण आमच्याकडे माल आला तेव्हाची तपासणीची नोंद नव्हती, फक्त चलनावर आमची सही होती. चार महिन्यांच्या बिलातून ती सगळी रक्कम वळती झाली. आम्ही भांडलो, आणि काम बंद झाले. त्या गिऱ्हाइकाला मी आज दोष देत नाही, कारण नोंद न ठेवण्याची चूक आमची होती आणि सगळी अंडी एका टोपलीत ठेवण्याचा मोहही आमचाच होता. मात्र त्या चार महिन्यांत भावाच्या आणि माझ्या घरात जे बोलणे झाले ते अजून आठवते.

आपल्या भागातल्या धंद्याला सीमेचाही एक खर्च आहे, तो बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. शिनोळीची औद्योगिक वसाहत बेळगावहून अगदी हाकेच्या अंतरावर आहे, पण ती चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. एरवी ठरावीक किमतीच्या खालच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागत नाही. परंतु जॉबवर्कसाठी माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवायचा असेल तर त्याची किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल काढावेच लागते. शिनोळीहून स्कूटरच्या पायाशी ठेवून आणलेली चार कास्टिंगे देखील या नियमात बसतात. सीमाप्रश्नावर माझी मते आहेत आणि ती सर्वांना ठाऊक आहेत, पण वाटेत गाडी अडवणारा अधिकारी मते विचारत नाही, कागद विचारतो. कच्चा माल एका वर्षाच्या आत काम करून मूळ मालकाकडे परत गेला पाहिजे, नाहीतर तो विकलाच असे धरून मालकावर कर लागतो, हेही लक्षात ठेवावे लागते. एकट्याच्या वर्कशॉपमध्ये हे सगळे कागद रात्री नऊनंतर जेवणाच्या ताटाशेजारी बसून करावे लागतात.

तेव्हा पहिली पायरी नोकरीतच आहे, पण ऑपरेटरच्या नोकरीत नाही. पुढचे तीन महिने एक वही ठेवा. प्रत्येक जॉब बदलताना जुना जॉब कधी संपला, नवीन जॉबचा पहिला मान्य नग कधी निघाला, दरम्यान किती नग गेले आणि काय केल्याने वेळ वाचला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. नंतर लिहू म्हणाल तर ते राहून जाते, हे अनुभवाचे बोल आहेत. तीन महिन्यांनी ही वही घेऊन मालकाशी बोला आणि एका मशीनऐवजी सगळ्या शेडच्या सेटिंगची जबाबदारी मागा. मिळाली तर पगार वाढेल. मिळाली नाही तर तीच वही दुसऱ्या मालकाला दाखवता येईल, आणि उद्यमबाग आणि मच्छे या दोन्ही औद्योगिक वसाहती मिळून असे मालक कमी नाहीत. प्रमाणपत्र सगळेच आणतात. स्वतःच्या कामाचे मोजमाप घेऊन आलेला मुलगा मात्र क्वचित दिसतो, म्हणून तो लक्षात राहतो.

याच काळात मापनाचे काम पक्के करा. मायक्रोमीटर आणि बोअर गेज तुम्ही रोज हाताळता, परंतु ड्रॉइंगवरची भौमितिक टॉलरन्सची, म्हणजे आकारात किती फरक चालेल ते सांगणारी, चिन्हे वाचून एखादा नग का नाकारला गेला हे लेखी मांडता येणे, ही वेगळी पायरी आहे. हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांसाठी जे विशेष आर्थिक क्षेत्र उभे राहिले आहे तिथे प्रत्येक नगाबरोबर त्याचा कागद चालतो, आणि थ्रीडी मापनयंत्र चालवून इंग्रजीत अहवाल लिहू शकणाऱ्या माणसाला ऑपरेटरपेक्षा वेगळ्या रांगेत बसवले जाते. उद्यमबागेतल्या जीटीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी टूल रूममध्ये, अल्पमुदतीचे अभ्यासक्रम असतात. पूर्ण डिप्लोमाआधी त्यांची चौकशी करा. डिप्लोमा वाईट नाही. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे दोन वर्षांत तो पूर्ण होतो. पण त्या दोन वर्षांचा बुडालेला पगारच ५,२८,००० रुपये होतो. हा खर्च कागदाच्या एका भेंडोळ्यासाठी नसून सुपरवायझरच्या जागेसाठी आहे, आणि ती जागा तुम्हाला मनापासून हवी असेल तरच तो करावा.

आता मोटारपंपांकडे येतो. गावात तुम्हाला बोलावतात तेव्हा नेमके काय होते ते आठवा. पंप चालू आहे, मोटार फिरते आहे, पण पाणी येत नाही किंवा फसफसत येते. शेतकरी म्हणतो की मोटार गेली. तुम्ही मोटारीला हातही लावत नाही. आधी फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप, पाहता, मग सक्शनचा, म्हणजे पाणी ओढणारा, पाइप कुठे हवा ओढतो आहे ते शोधता. हे तुम्हाला इतके सवयीचे झाले आहे की त्याला तुम्ही कसब म्हणत नाही. मी म्हणतो, कारण माझे घर गेली वीस वर्षे याच कसबावर चालते, फक्त माझ्या पाइपात पाण्याऐवजी तेल असते.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रात्री जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातून फोन आला. उसाच्या ट्रॉल्या उलटवणारा हायड्रॉलिक टिपलर अर्ध्यावर थांबला होता आणि बाहेर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मी पोचलो तेव्हा पंप किंचाळत होता, टाकीचे झाकण उघडले तर तेल ताकासारखे फेसाळलेले होते, आणि पंप गेला असे ठरवून नवीन पंप मागवण्याची तयारी चालली होती. मी खिशातली ग्रीस बोटावर घेतली आणि सक्शन लाइनच्या एकेका जोडावर लावत गेलो. तिसऱ्या जोडाला ग्रीस लागताच किंचाळणे एकदम बसले. जोडाची सील कडक होऊन चिरली होती आणि पंप तेलाबरोबर हवा ओढत होता. सील बदलली, तेलाची पातळी भरली, फेस बसेपर्यंत थांबलो. मला एकूण चाळीस मिनिटे लागली. सीलची किंमत सांगण्यासारखी नव्हती. मी ६,००० रुपये सांगितले आणि कोणी घासाघीस केली नाही, कारण गव्हाणीत मोळी पडेना म्हणजे पुढचा सगळा कारखाना उपाशी, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होते. त्याच महिन्यात माझा एक मित्र मशिनिंगचा दर ४५ वरून ४२ करू नये म्हणून एका कार्यालयाच्या बाकावर दोन तास बसला होता. त्याचा हात माझ्यापेक्षा सरस आहे, हे मी आजही सांगतो.

या कामासाठी बेळगावइतकी सोयीची जागा दुसरी नाही. हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर बनवणारे कारखाने इथेच आहेत, म्हणजे शिकण्याची जागा आणि सुटे भाग दोन्ही हाताशी आहेत. चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी या पट्ट्यात साखर कारखाने आहेत; उत्तरेला कोल्हापूर, शिरोली, इचलकरंजी, दक्षिणेला धारवाड आणि हुबळी. आणि इथे आपल्या मुलांजवळ एक भांडवल आहे, जे ती कधी मोजत नाहीत. कोल्हापूरच्या फोरमनशी तुम्ही त्याच्या मराठीत बोलता, हुबळीच्या स्टोअरकीपरशी कन्नडमध्ये बोलता, बाहेरून आलेल्या मेंटेनन्स इंजिनिअरशी हिंदीत भागवता. दुरुस्तीच्या कामात निम्मे निदान समोरच्याच्या बोलण्यातून होते: मशीन बंद पडण्याआधी काय आवाज आला, कोणी काय फिरवले, कोणी काय फिरवले पण सांगत नाही. हे काढून घ्यायचे तर त्याच्या घरची भाषा लागते. तुमची कन्नड बाजारापुरतीच असेल तर ती वर्षभरात कामापुरती करा. हा सल्ला मी कारागीर म्हणून देतो आहे, त्यात दुसरे काही शोधू नये.

या वाटेवरचे खड्डेही सांगितले पाहिजेत. गाळपाचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत असतो. त्या काळात रात्रीची झोप आपली नसते, आणि घरातले लग्नकार्यही नेमके त्याच वेळी निघते. अडलेल्या रात्री खुशीने पैसे देणारा कारखाना उन्हाळ्यातल्या ओव्हरहॉलच्या, म्हणजे पूर्ण दुरुस्तीच्या, बिलासाठी महिनोन् महिने फिरवतो, म्हणून तातडीच्या कामाचे पैसे त्याच वेळी घ्यावेत आणि सुटे भाग शक्यतो गिऱ्हाइकानेच मागवावेत. दाबाखालच्या तेलाची भीती बाळगावी लागते. सूक्ष्म छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडीच्या आत शिरते आणि हात गमवावा लागू शकतो, म्हणून गळती बोटाने शोधायची नसते आणि दाब उतरवल्याशिवाय जोड सोडायचा नसतो. आणि हे काम पुस्तकातून येत नाही. दोन वर्षे कोणत्यातरी हायड्रॉलिक कारखान्याच्या टेस्ट बेंचवर किंवा सर्व्हिस विभागात काढावी लागतील, कदाचित आजच्यापेक्षा दोन-तीन हजार कमी पगारावर. ते कमी झालेले दोन-तीन हजार म्हणजे फी समजा. तुम्ही टर्नर असल्यामुळे तिथे एक पायरी वर सुरुवात कराल, कारण व्हॉल्व्हमधला स्पूल, म्हणजे सरकणारा दांडा, आणि त्याचा बोअर यांमधली फट काही मायक्रॉनचीच का लागते, हे तुम्हाला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

चाकण आणि आखात यांबद्दल थोडक्यात. चाकणला २८,००० मिळाले, त्यांतून खोलीचे ४,०००, मेसचे ४,००० आणि गावी येण्याजाण्याचे १,५०० गेले, तर १८,५०० उरतात. घरून डबा घेऊन बसने किंवा रेल्वेने बेळगावला येणाऱ्या माणसाला हा सौदा बसत नाही. इथे नसलेले एखादे मशीन, एखादी प्रक्रिया शिकायला दोन वर्षे जायचे असेल तर जरूर जा, पण काय शिकून परत येणार ते निघण्यापूर्वी ठरवा, आणि नेमणूक कंपनीची आहे की ठेकेदाराची ते पत्रावर वाचा. आखातात जायचे तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटची नोंदणी तपासा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाखभर मागणारा माणूस नातेवाइकाच्या ओळखीचा असला तरी तो नियमाबाहेरच आहे.

स्वतःचे मशीन कधीच घेऊ नका, असे मी म्हणत नाही. वेगवेगळ्या धंद्यांतली निदान दोन गिऱ्हाइके हातात असतील, सहा महिन्यांचे हप्ते बँकेत वेगळे पडलेले असतील, आणि एखादे असे काम असेल ज्याचे फिक्स्चर, म्हणजे नग धरून ठेवणारा साचा, किंवा ज्याची पद्धत तुम्ही स्वतः बसवलेली आहे, तेव्हा घ्या. हायड्रॉलिकच्या दुरुस्तीत असे काम आपोआप सापडते. एखाद्या जुन्या परदेशी सिलिंडरचा ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीचे सील धरणारे तोंड, मिळत नाही, तो तुम्ही बनवून देता, आणि मग मशीन तुमच्या सेवेचे हत्यार होते, तुम्ही त्याचे गडी होत नाही. अनुदान मिळते म्हणून मात्र मशीन घेऊ नका. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के अनुदान असते हे खरे आहे, पण ती रक्कम तीन वर्षे बँकेत अडकवून ठेवली जाते आणि मगच कर्जखात्यात वळती होते. ती तुमच्या हातात येत नाही, आणि मधल्या तीन वर्षांत उधारी अंगावर आली तर ती कामाला येत नाही.

एक काम या रविवारपासूनच सुरू करा. गावात जे पंप दुरुस्त करता त्यांचीही नोंद त्याच वहीच्या मागच्या बाजूला ठेवा: मालकाने काय बिघडले असे सांगितले, प्रत्यक्षात काय निघाले, आणि ते कशावरून ओळखले. असे चाळीस-पन्नास पंप झाले की ती पाने घेऊन एखाद्या हायड्रॉलिक कारखान्याच्या सर्व्हिस विभागात जा आणि आयटीआयचे प्रमाणपत्र काढण्याआधी ती टेबलावर ठेवा. आणि हो, भाताच्या बदल्यात काम करणे बंद करू नका. पण त्या पोत्याची किंमत वहीत लिहा.